गावाकडच्या लहान मुलांचं आजारपण, दवाखाना आणि सुरक्षित उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात मीटिंगला बसलं की आणि व्हॉट्सॲपवर सुद्धा तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून काढलेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या ग्रामीण आणि आदिवासी भागाला धरून आहेत, म्हणजे गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार, पालघर, मराठवाड्यातली ऊसतोडीला जाणारी गावं वगैरे. तुम्ही नोकरीसाठी पुण्या-मुंबईत असाल आणि घरी गावाकडे तान्हं बाळ असेल तर यातलं कामाचं तेवढं घरी फोन करून सांगा, वाचून सोडून देऊ नका प्लीज.

बाळ आजारी पडलं की आधी कुणाला सांगायचं?

आशाताईला. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते, ती तुमच्याच गावातली असते आणि तिला रात्री उठवायला लाजायचं कारण नाही. तिच्या वर उपकेंद्र, तिथे नर्सबाई असते (सपाट भागात ५ हजार लोकांमागे एक, आदिवासी-डोंगरी भागात ३ हजारांमागे एक), त्याच्या वर पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), मग ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा नाहीतर जिल्हा रुग्णालय. पण बाळ गंभीर असेल तर या पायऱ्या एकेक करून चढत बसायच्या नाहीत. १०८ लावा आणि थेट जिथे मुलांचे डॉक्टर आहेत तिथे न्या, कारण आधी उपकेंद्र मग पीएचसी मग तालुका असं करत करत अख्खा दिवस जातो आणि तान्ह्या बाळाकडे तेवढा वेळ नसतो.

गंभीर आहे हे आम्हाला कसं कळणार, आम्ही काय डॉक्टर आहोत का?

कळतं, आणि आईला सगळ्यात आधी कळतं, फक्त तिचं कुणी ऐकत नाही. बाळ अंगावर पीत नाही किंवा पिता पिता सोडून देतं, आधी जोरात रडायचं ते आता बारीक आवाजात कण्हतं, हातपाय गळाल्यासारखे पडलेत, अंग तापलंय किंवा उलट गार पडलंय, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय, झटका आला, नाभीतून पू येतोय, पोट फुगलंय आणि उलट्या होतायत. महिन्याच्या आतल्या बाळाला यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. सकाळी बघू, बाजाराच्या दिवशी जाऊ, त्याचे बाबा आले की ठरवू, असं नाही. एवढ्या लहान बाळाला ताप येईलच असंही नसतं, खूप बाळं आतून इन्फेक्शन असताना गार पडतात आणि घरचे म्हणतात ताप नाही ना मग ठीक आहे. तळपाय हाताला गार लागतात का हे मुद्दाम बघत जा.

श्वास मोजा म्हणतात, तो कसा मोजायचा?

बाळ शांत असताना किंवा झोपलेलं असताना मोजायचा, रडताना नाही, दूध पिताना पण नाही. झबलं वर करा, उजेड पोटावर पडेल असं बसा, मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि पोट एकदा वर आलं की एक, असं पूर्ण मिनिटभर मोजा. अर्धा मिनिट मोजून डबल करू नका, तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त आला तर श्वास जलद आहे, म्हणजे न्यूमोनिया असू शकतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा जास्त आला तर परत एकदा मोजा, तरी तेवढाच आला तर निघा.

हे अवघड वाटत असेल तर सांगते, गडचिरोलीत 'सर्च' या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने ज्यांना पन्नास-साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते अशा दाईंकडून हे काम करून घेतलं होतं, मण्यांचं आणि एक मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचं साधं साधन बनवून. दर दहा श्वासांना एक मणी. वाळू संपायच्या आत मणी संपले तर न्यूमोनिया.

आशाताई येते, वजन करते, सही घेऊन जाते. त्याने काय फरक पडतो?

खूप पडतो, आणि हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झालंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९३ पासून गडचिरोलीतल्या ३९ गावांमध्ये हे करून बघितलं. तिथे हॉस्पिटल लांब, पावसाळ्यात रस्ता बंद, आणि बाळंतपण घरीच. मग त्यांनी गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, जन्मलेलं बाळ रडलं नाही तर श्वास कसा सुरू करायचा, ऊब कशी ठेवायची, वजन कमी असेल तर काय करायचं, इन्फेक्शन कसं ओळखायचं आणि त्यावर अँटिबायोटिकचं इंजेक्शन कसं द्यायचं इथपर्यंत सगळं शिकवलं. शेजारच्या ज्या गावांमध्ये हे काम नव्हतं त्यांच्याशी तुलना केली तर नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात छापून आला आणि २०११ मध्ये सरकारने त्याच धर्तीवर देशभर आशांच्या घरभेटी सुरू केल्या.

तर त्या भेटी अशा असतात: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशी पण. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना परत. प्रत्येक वेळी तिने हात धुवून बाळाला उघडं करून बघायचं असतं, थर्मामीटर लावायचं असतं, वजन करायचं असतं, आईला अंगावर पाजताना बघायचं असतं. नुसतं दारातून कार्डावर सही मागत असेल तर प्रेमाने म्हणा ताई आत या, चहा घ्या, बाळ बघा. आणि एक लक्षात ठेवा, तिला पगार नाही मानधन आहे, कामाप्रमाणे मोबदला मिळतो, तोही बऱ्याचदा उशिरा, आणि वर दहा प्रकारची रजिस्टरं. तिच्यावर ओरडून बाळाला काही मिळत नाही.

बाळाचं वजन दोन किलोच आहे, घरी सांभाळता येईल का?

अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजन. १८०० ग्रॅमच्या खाली असेल तर घरी नकोच, त्याला जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात) ठेवावं लागतं, आणि ते फुकट असतं. त्याच्या वरचं असेल, पीत असेल, बाकी काही त्रास नसेल तर घरी जमतं, पण आईच्या (किंवा बापाच्या, आजीच्या पण चालतं) उघड्या छातीला बाळ चिकटवून वरून साडी-पातळाने बांधून ठेवायचं, दिवसातले जितके जास्त तास जमेल तितकं. यालाच कांगारू केअर म्हणतात. अंघोळीची घाई करू नका. दर दोन तासांनी अंगावर पाजा, ओढता येत नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्याने. गुटी, मध, साखरेचं पाणी, गाईचं दूध काही नाही, सहा महिने पाणी सुद्धा नाही, उन्हाळा असला तरी. नाभीला राख, हळद, तेल, शेण काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. आजींना हे पटत नाही मला माहितेय, त्यांना मालिशचं काम द्या, हलक्या हाताने.

पोट फुगलं की आमच्याकडे चटके देतात, त्याने बरं वाटतं म्हणतात.

मेळघाटात याला डंबा म्हणतात, तापवलेल्या विळ्याने किंवा सळईने तान्ह्याच्या पोटावर डाग देतात. त्याने बरं होत नाही. पोट फुगणं हे इन्फेक्शनचं किंवा आतडं अडकल्याचं लक्षण असू शकतं आणि डाग दिला की बाळाला वर भाजल्याची जखम, त्यातून दुसरं इन्फेक्शन, आणि दवाखान्यात जायचा वेळ गेला तो गेलाच. काही बाळं आपोआप बरी होतात आणि नाव चटक्याचं होतं.

पण मला हेही सांगायचंय की त्या आईला अडाणी म्हणून हिणवून काही होत नाही. रात्री दोनला बाळ रडतंय, गाडी नाही, मोबाईलला रेंज नाही आणि भूमका (गावातला पारंपरिक वैदू-मांत्रिक) शेजारच्या घरात आहे, तर ती कुणाकडे जाईल? जिथे भूमकांनाच सोबत घेऊन 'आधी दवाखाना, मग तुमची पूजा' असं ठरवलंय तिथे लोक लवकर येतात. पूजेला कुणाची ना नाही, तापलेल्या लोखंडाला आहे.

गाडीच मिळत नाही, त्याचं काय?

दोन नंबर पाठ करा. १०८ म्हणजे इमर्जन्सीची ॲम्ब्युलन्स, तिच्यात डॉक्टर असतो. १०२ म्हणजे गरोदर बाई, बाळंतीण आणि एक वर्षापर्यंतचं आजारी बाळ यांच्यासाठी, घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात, आणि बरं झाल्यावर परत घरी सोडायला सुद्धा. परत सोडायचं हे कुणी आपणहून सांगत नाही, तुम्ही मागा. फोन करताना गावाचं नाव, तालुका, जवळची खूण (शाळा, देऊळ, डेअरी) आणि गाडी येऊ शकेल असा रस्ता सांगा, कारण एकाच जिल्ह्यात एकाच नावाची तीन-तीन गावं असतात आणि गाडी भलतीकडे जाते. रेंज नसेल तर गावात रेंज कुठल्या टेकाडावर येते हे पोरांना माहिती असतंच, एकाला तिकडे पळवा.

आणि जिथे पावसाळ्यात नाला भरला की गाव तुटतं तिथे बाळंतपणाच्या तारखेच्या आधीच हलायचं. आदिवासी भागात काही पीएचसींमध्ये माहेरघर आहे, बाळंतपणाच्या काही दिवस आधी येऊन राहता येतं, सोबत लहान पोर आणि एक नातेवाईक चालतो, जेवण मिळतं. नंदुरबारमध्ये सरदार सरोवराच्या पाण्यामुळे नर्मदाकाठच्या पाड्यांना रस्ताच नाही, तिथे तरंगता दवाखाना आणि बोट ॲम्ब्युलन्स चालवावी लागते. तिथल्या अंगणवाडी सेविका होडी वल्हवत वजनकाटा आणि पोषण आहार घेऊन पाड्यांवर गेल्यात. हे वाचून आपण भारावून जातो, मला मात्र त्या पाड्यांसाठी अजून बोटी हव्या आहेत असं वाटतं.

सरकारी दवाखान्यात किती पैसे लागतात?

एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, तपासण्या, रक्त लागलं तर रक्त आणि गाडी, सगळं मोफत, हे २०११ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालंय. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर पासून सगळंच मोफत आहे (मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं यात नाहीत, तिथे वेगळे नियम). बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली तर शांतपणे विचारा की स्टॉकमध्ये नाही हे लिहून द्याल का. मोठं ऑपरेशन असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना, यादीतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा टेबल असतो, ॲडमिट झाल्या झाल्या रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडे जा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

लस दिली की बाळ तापतं, मग कशाला द्यायची?

ताप एक-दोन दिवस राहतो, पॅरासिटामॉल नर्सबाई देते, डोस तिला विचारूनच द्या. दंडावर बीसीजीच्या (टीबीच्या लसीच्या) जागी काही आठवड्यांनी गाठ येते, पाणी येतं, ते तसंच असतं, काही लावू नका. पण ही लस नसेल तर काय होतं ते आता आपल्याला दिसतच नाही म्हणून तिची किंमत वाटत नाही. पेंटा म्हणून जी सुई ६, १०, १४ आठवड्यांना देतात ती घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, काविळीचा एक प्रकार आणि हिब नावाच्या जंतूपासून होणारा न्यूमोनिया-मेंदूज्वर अशा पाच गोष्टींपासून वाचवते.

लस खराब तर नाही ना असा प्रश्न पण येतो, आणि तो योग्य प्रश्न आहे कारण लस २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते आणि लाईट गेलेल्या गावात लोकांना शंका येणारच. बाटलीवर एक गोल छापलेला असतो आणि त्यात एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली, चौकोन गोलाइतका किंवा जास्त गडद झाला तर लस फेकायची. नर्सबाईला म्हणा दाखवा, ती दाखवते. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

ऊसतोडीला गेलो आणि डोस चुकला, आता परत पहिल्यापासून का?

नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. आणि कार्ड बीडचं असलं तरी कारखान्याजवळच्या पीएचसीत लस मिळते, कोणी नाही म्हणू शकत नाही. लसीचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवा आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, कोप्यांवर (ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांवर) पाणी-चिखलात पहिलं कार्डच हरवतं.

जुलाब लागले की सलाईन लावावंच लागतं का?

बहुतेक वेळा नाही. ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, अर्ध्या पाकिटाचा अंदाज नको, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप चमच्या-चमच्याने, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, सहा महिन्यांच्या वर २० मिलीग्रॅम, २ ते ६ महिन्यांना १०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पूर्ण करा, हेच सगळेजण सोडून देतात. अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवा. डोळे खोल गेले, पोटाची चामडी चिमटीत धरून सोडली तर हळू मागे जाते, मूल सुस्त पडलं, शी मधून रक्त आलं, तर मग दवाखाना आणि तिथे सलाईन.

खोकल्याचं सिरप मेडिकलमधून आणलं तर?

लहान मुलांना नका देऊ. २०२५ मध्ये आपल्याला लागूनच असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, मुलांच्या किडन्या बंद पडल्या, त्यातली कितीतरी नागपूरला आणली होती आणि २० हून जास्त मुलं गेली. साधा खोकला झाला म्हणून. त्यानंतर केंद्राने परत बजावलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्या-सर्दीची सिरपं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांच्या आत सहसा नकोतच. साधी सर्दी आठवड्याभरात जाते. एक वर्षाच्या वर असेल तर कोमट पाणी, चिमूटभर मध ठीक, एक वर्षाच्या आत मध नाही. श्वास मोजत रहा. आणि कुठलंही औषध दिल्यावर मुलाची लघवी कमी झाली किंवा बंद झाली तर बाटली सोबत घेऊन लगेच मोठं हॉस्पिटल गाठा.

गावात मोटरसायकलवर एक डॉक्टर येतात, लगेच इंजेक्शन देतात, गुण पण येतो.

गुण येतो कारण त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं, ताप दोन दिवस दबतो आणि आतला आजार वाढत राहतो. खरा डॉक्टर असेल तर त्याचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, ॲलोपॅथीवाल्याचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाईटवर शोधता येतो. नंबर विचारणं हा अपमान नाही. कागदावर औषधाचं नाव लिहून मागा, न लिहिता पुडीत गोळ्या देत असेल तर तिथेच उत्तर मिळालं. सुई तुमच्या समोर नवीन पाकिटातून निघाली पाहिजे.

पोरगं खातं पितं पण दंड बारीकच आहे, कुपोषण म्हणायचं का?

अंगणवाडीत दंडाला गुंडाळायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे पट्टीवर लाल आला तर तीव्र कुपोषण. दोन्ही पायांवर अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहत असेल तर तेही, मग मूल गुबगुबीत का दिसेना. भूक चांगली असेल, ताप-जुलाब नसतील तर गावातच ग्राम बालविकास केंद्रात दिवसातून बऱ्याच वेळा थोडं थोडं खायला घालतात. भूक मेलीय किंवा आजार आहे तर एनआरसीत (दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात) साधारण १४ दिवस ॲडमिट. आईची मजुरी बुडते म्हणून लोक जात नाहीत किंवा चौथ्या दिवशी पळून येतात, तर बुडीत मजुरी मिळते, तिथल्या आहारतज्ज्ञ ताईला विचारा. घरी दुसरं पोर आहे, बकऱ्या आहेत, हा अडथळा मात्र खरा आहे आणि तो शेजाऱ्यांनीच सोडवायचा असतो.

साप-विंचू?

साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मुलाला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठलं, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं, तर मण्यार चावली असू शकते, तिचा दंश दिसत पण नाही आणि दुखत पण नाही. अँटीव्हेनम (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) पीएचसीत फुकट असतं आणि लहान मुलाला मोठ्या माणसाइतकंच लागतं, कारण सापाने विष काही वय बघून टोचलेलं नसतं. लाल विंचवाला उपाय महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी दिला, प्राझोसिन नावाची साधी स्वस्त गोळी, तिच्यामुळे कोकणातली कितीतरी पोरं वाचली. विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या, गार हातपाय दिसले की गोळी देणाऱ्या दवाखान्यात तातडीने जायचं, उतारा करत बसायचं नाही.

हृदयाला छिद्र आहे म्हणाले, फाटलेला ओठ आहे, कुठे जायचं?

आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या तपासणीची सरकारी योजना) टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, शून्य ते अठरा वर्षं सगळी मुलं तपासतात, पुढचं ऑपरेशन मोफत करून देतात. या योजनेची देशातली सुरुवातच २०१३ मध्ये पालघरमधून झाली. टीम येणार त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका. टीम येऊन गेली असेल तर थांबू नका, पीएचसीतून चिठ्ठी घ्या.

पीएचसीत डॉक्टरच नसतात, मग हे सगळं वाचून काय करायचं?

हा राग बरोबर आहे. एका पीएचसीत आम्ही तापलेलं मूल घेऊन गेलो तेव्हा कुलूप होतं आणि बाहेर पाटीवर २४ तास सेवा लिहिलेलं, तो फोटो अजून माझ्याकडे आहे. तेव्हा आधी मूल पुढच्या दवाखान्यात न्या, भांडण नंतर. नंतर मात्र नक्की भांडा: तारीख, वेळ, फोटो घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या, जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला प्रत, आणि 'आपले सरकार' या सरकारी पोर्टलवर तक्रार. एकट्याने दिलं तर पडून राहतं, ग्रामसभेच्या ठरावासोबत दिलं तर हलतं. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांमध्ये लोकाधारित देखरेख चालली, गावकरी स्वतः दवाखान्याला मार्क द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे, त्यातून कुठे बंद पडलेलं उपकेंद्र उघडलं, कुठे बाहेरून औषधाच्या चिठ्ठ्या थांबल्या. गावात आरोग्य, पोषण आणि स्वच्छतेची समिती असते, तिच्या खात्यावर वर्षाला थोडा निधी येतो. तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आम्ही शहरात आहोत, काय करू शकतो?

जुने कपडे पाठवू नका. तुमच्या गावच्या आशाताईचा नंबर सेव्ह करा, तिला काय कमी पडतं विचारा, बऱ्याचदा थर्मामीटरचा सेल संपलेला असतो किंवा वजनकाटा बिघडलेला असतो आणि वरून नवीन यायला महिने जातात. रात्री गाडी काढेल अशा गावातल्या दोन-तीन जीपवाल्यांशी बोलून ठेवा, डिझेलचे पैसे आम्ही देऊ, रात्री दोनला पण नाही म्हणायचं नाही, एवढं ठरवून टाका आणि त्यांचे नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवून घ्या.